अम्मीची इद्दत आणि जपानचा उन्हाळा



आपल्याकडे मिरगाचा पाऊस पडला की उन्हाळा संपतो. जपानमध्ये पाऊस संपला की उन्हाळा सुरू होतो. जून महिन्यात इथे 'त्सुयु' नावाचा पाऊस असतो. कोकणातल्यासारखा धो धो नाही, नुसती चिकट रिपरिप. जुलैच्या मध्याला तो उघडतो आणि मग सप्टेंबरपर्यंत असा उकाडा सुटतो की मे महिन्यातली चिपळूणची दुपार बरी वाटावी. यंदा, म्हणजे २०२५ साली, ५ ऑगस्टला गुन्मा प्रांतातल्या इसेसाकी शहरात ४१.८ अंश तापमान नोंदले गेले. जपानच्या इतिहासात इतके कधी झाले नव्हते.

अशा उन्हाळ्यात आम्ही दोघे जवळजवळ प्रत्येक शनिवार-रविवारी घराबाहेर होतो. नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे की आम्ही फार फिरणारे नाही. टोकियोच्या निशी-कासाई भागात राहतो, आठवडाभर नोकऱ्या करतो आणि सुट्टीच्या दिवशी कपडे धुऊन झोपतो. यंदा मात्र तसे झाले नाही. त्याचे कारण आधी सांगितले पाहिजे.

एप्रिलच्या अखेरीस दापोलीजवळच्या आमच्या गावी अब्बांचा इंतकाल झाला. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. फोन आला तेव्हा इथे सकाळ होती. तिकडे जोहरनंतर जनाजा ठरला. तसाच ठरायला हवा होता, कोणाची वाट पाहत मय्यत ठेवायची नसते. मिळाले ते विमान पकडून, मुंबईहून गाडी करून आम्ही गावी पोहोचलो तेव्हा दफन होऊन दीड दिवस झाला होता. माती मोहल्ल्यातल्या लोकांनी दिली. आम्ही आठ दिवस राहिलो आणि रजा संपली म्हणून परत आलो.

अम्मी इद्दतीत बसली. चार महिने दहा दिवस. अम्मी आमच्यापैकी एकाची आई, दुसरीची सासू, पण हाक दोघांचीही एकच. ही बाई कधी घरात बसलेली नाही. हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावाला जाऊन स्वतः भाव करणारी. अब्बांना घेऊन ऑक्टोबरात जपानला यायचे म्हणून दोघांचे पासपोर्ट तिनेच काढून आणले होते. ती आता चार भिंतींत. मे महिन्यात रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा आणि पहिला प्रश्न असायचा, "आज कुठं गेला होता?"

"कुठं नाही, अम्मी."

चार-पाच वेळा हे उत्तर ऐकल्यावर ती चिडली. "मी घरात आहे ती अल्लाहच्या हुकमानं. तुम्ही कुणाच्या हुकमानं बसलाय? जरा बाहेर पडा, मला काहीतरी दाखवा. या चार भिंती मला पाठ झाल्या."

आमचा उन्हाळा असा सुरू झाला.

जूनमध्ये बकरी ईद झाल्यावर पहिल्यांदा कामाकुराला गेलो. टोकियोहून तासाभराचा रस्ता. तिथे जूनच्या पावसात 'अजिसाइ'चे ताटवे फुलतात. निळ्या-जांभळ्या फुलांचे डोक्याएवढे गेंद असतात आणि ते बघायला माणसांची रांग एवढी लागते की फुलांपेक्षा छत्र्याच जास्त दिसतात. अम्मीला फुले आवडली, पण तिने जास्त चौकशी केली ती छत्र्यांची. दुकानाच्या दाराशी छत्री ठेवायचे स्टँड, ओल्या छत्रीला प्लास्टिकची पिशवी चढवायची सोय, हे सगळे तिने दोनदा दाखवायला लावले. तेव्हाच लक्षात आले की तिला प्रेक्षणीय स्थळांत फारसे स्वारस्य नाही. लोक कसे राहतात ते तिला बघायचे आहे. मग आम्हीही त्या नजरेने बघू लागलो.

म्हणून आमच्या इमारतीमागच्या बागेतला रेडिओवरचा व्यायाम तिला दाखवला. सुट्टीच्या काळात सकाळी साडेसहाला मुले आणि म्हातारी माणसे जमतात, रेडिओवर पियानो वाजतो आणि सगळे हात वर-खाली करतात. टोकियोत जूनमध्ये सूर्य साडेचारच्या आधी उगवतो. फजरचा वक्त पावणेतीनच्या आसपास सुरू होतो, त्यामुळे साडेसहा म्हणजे आम्हाला दुपारच वाटते. 'काकिगोरी' दाखवली तेव्हा अम्मी हसली. तो आपला बर्फाचा गोळाच, फक्त काडीऐवजी वाटीत आणि किंमत ऐकू नये अशी. एक रविवार फुजी डोंगराला दिला. त्याची उंची ३,७७६ मीटर. वर चढायला यंदापासून सगळ्या मुख्य वाटांवर माणशी ४,००० येन भरावे लागतात. आम्ही बस जाते तिथवर, म्हणजे सुमारे २,३०० मीटरवरच्या पाचव्या टप्प्यापर्यंत गेलो, ढग पाहिले आणि उतरलो. ओसाकाचे जागतिक प्रदर्शन सोडूनच दिले. ज्या गर्दीसाठी पैसे मोजायचे ती गर्दी निशी-कासाईच्या लोकलमध्ये रोज फुकट मिळते.

जेवणाचा प्रश्न अम्मी कधीच विसरली नाही. "जेवलात काय? हलाल होतं?" बाहेरगावी राहणाऱ्या मुलांच्या आया हे विचारतातच, तेव्हा इथली खरी परिस्थिती थोडी सांगतो. जपानी जेवणात डुकराचे मांस दिसते तिथे चुकवता येते. अडचण न दिसणाऱ्या गोष्टींची असते. रामेनचा रस्सा बहुतेक ठिकाणी डुकराच्या हाडांचा किंवा त्यात त्याचा अंश असलेला. भाज्यांच्या रश्शातही 'मिरिन' नावाची गोड दारू. पावात चरबी, मिठाईत जिलेटिन. पाकिटावरची चित्रलिपी वाचायला शिकल्यावर निम्मे काम होते, उरलेल्या निम्म्यासाठी शिन-ओकुबोच्या गल्लीतली हलाल दुकाने आहेत. प्रवासात आमचा आधार मासळी. इथला 'साबा' म्हणजे आपल्या बांगड्याचाच भाऊबंद, 'सावारा' म्हणजे सुरमईच्या घरातला. मीठ लावून भाजलेला साबा आणि भात, एवढे सांगितले की दापोलीच्या माणसाला परदेशात आल्यासारखे वाटतच नाही. वुजूचा प्रश्न मात्र अवघड. बेसिनमध्ये पाय धुताना कोणी पाहिले तर इथल्या माणसाला धक्का बसतो, आणि त्याचा राग धरण्यात अर्थ नाही. आम्ही घरूनच वुजू करून मोजे घालतो आणि पाण्याची बाटली जवळ ठेवतो.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी सुमिदा नदीवर आतषबाजी असते. दीड तासात सुमारे २०,००० फटाके आकाशात जातात. ही प्रथा १७३३ सालची, दुष्काळात आणि रोगराईत मेलेल्यांच्या आठवणीसाठी सुरू झाली असे इथे परंपरेने सांगतात. त्या दिवशी सूर्य सातला दहा मिनिटे असताना मावळला आणि आतषबाजी सातला सुरू होणार होती. नदीपासून थोड्या दूरच्या एका बागेत कोपऱ्यात चटई टाकून आम्ही मगरिब पढलो. शेजारी कागदी पंखे हलवत बसलेल्या कुटुंबाने आपली पिशवी मुकाट्याने सरकवून जागा दिली. सलाम फेरला आणि पहिला फटाका फुटला. भारतात तेव्हा साडेतीन वाजले होते. अम्मी, शेजारच्या दोन बायका आणि कोणाची तरी तीन मुले मोबाईलभोवती गोळा झाली होती.

त्याच रात्री आमच्या एका चाचींचा फोन आला. त्या मायेच्या आहेत, पण स्पष्ट बोलतात. "बापाची कबर अजून ओली आहे आणि तुम्ही फटाके बघता? लोक काय म्हणतील?"

आम्हाला ते लागले. उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी हे अम्मीच्या कानावर गेले आणि तिने चाचींना घरी बोलावून चहा पाजला. त्या चहावर काय झाले ते आम्हाला चाचींच्या सुनेकडून कळले. अम्मी म्हणाली, "शोक तीन दिवसांचा, फक्त बायकोला चार महिने दहा दिवस. ही हद मी घालून दिलेली नाही. माझी मी पाळतेय, पोरांची संपली. ती बघतात म्हणून मी बघते. माझी खिडकी कशाला बंद करतेस?" चाची पुढच्या रविवारी स्वतःच कॉलला हजर. तेव्हापासून त्यांच्याही फर्माइशी सुरू झाल्या.

आमचे मत विचाराल तर चाचींचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. गर्दीत, रोषणाईत उभे असताना मध्येच अब्बा आठवायचे आणि वाटायचे, आपण पळतो आहोत काय? तीन दिवसांत शोकाची मुदत संपते, शोक संपत नाही. पण घरात पडून राहिल्यानेही तो संपत नव्हता.

ऑगस्टच्या मध्यात 'ओबोन'ची सुट्टी येते. सगळा जपान आपापल्या गावी जातो, पूर्वजांच्या कबरीवर जातो. बादली आणि लाकडी पळी घेऊन दगड धुतात, गवत काढतात, फुले ठेवतात. त्यांचा अकीदा वेगळा, त्यात आपला भाग नाही. पण शहरांत शुकशुकाट असताना आणि प्रत्येक जण कोणाच्या तरी कबरीकडे निघालेला असताना आम्ही दोघांनी कुठे जायचे? या वर्षी हा प्रश्न आमच्यासाठी फार जड होता. तेव्हा आम्ही ठरवले की आपणही कबरींनाच जायचे. जपानच्या मातीत आपल्या लोकांच्या कबरी आहेत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ आणि ४४ साली, जपानने आपल्या ताब्यातल्या आग्नेय आशियाई देशांतून सुमारे २०० तरुण शिकायला आणले होते. त्यांतले काही हिरोशिमाच्या विद्यापीठात होते आणि त्यांत मलायाचे तीन मुसलमान तरुण होते: निक युसूफ, सय्यद ओमर आणि अब्दुल रझाक. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी बॉम्ब पडला तेव्हा तिघेही त्या शहरात होते.

इथे उन्हाळ्याच्या सुट्टीत साध्या लोकल गाड्यांचे एक स्वस्त तिकीट मिळते. नाव 'सेइशुन १८', म्हणजे अठराव्या वर्षाचे तारुण्य, पण वयाची अट नाही. सलग पाच दिवसांचे माणशी १२,०५० येन, त्यात वाटेल तेवढे फिरा. मात्र बुलेट ट्रेन चालत नाही. ते तिकीट काढले, रात्रीची बस पकडून १३ ऑगस्टला सकाळी हिरोशिमात उतरलो आणि तिथून लोकलने टोकियोकडे परत येत गेलो.

हिरोशिमाच्या संग्रहालयाबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. १९४५ संपेपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे गेली. जळालेला डबा, थांबलेले घड्याळ पाहून आम्ही बाहेर आलो, ते न बोलता. अम्मीला आतले काही दाखवले नाही. बागेतली 'आओगिरि'ची झाडे तेवढी दाखवली. बॉम्बच्या जागेपासून सव्वा किलोमीटरच्या आसपास ती उभी होती, एका बाजूने जळाली आणि पुढच्या वसंतात त्यांना पालवी फुटली. नंतर ती इथे आणून लावली. दुपारी लोकलने इत्सुकाइचीला गेलो. भाजलेला निक युसूफ शहरातून निघून या बाजूला आला आणि इथेच गेला. कोझेन्जी नावाच्या बौद्ध मंदिराच्या आवारात त्याची कबर आहे. आजूबाजूला जपानी कुटुंबे आपापले दगड धूत होती. आम्ही सलाम केला, मगफिरतीची दुआ मागितली. उन्हात पाच मिनिटेही उभे राहवत नव्हते.

१५ ऑगस्टला जुमा होता. आम्ही कोबेत होतो. कोबेची मस्जिद जपानमधली पहिली, १९३५ सालची. त्या बंदरात धंदा करणारे हिंदुस्थानी व्यापारी आणि रशियातून आलेले तातार मुसलमान यांनी वर्गणी काढून ती बांधली, आराखडा यान योसेफ श्वागर नावाच्या चेक वास्तुविशारदाचा. १९४५ च्या बॉम्बवर्षावात आजूबाजूचे शहर जळाले, मस्जिद उभी राहिली. १९९५ च्या भूकंपातही ती उभी राहिली. मस्जिदीकडे जाताना एका दुकानातल्या टीव्हीवर शाळकरी मुलांचा बेसबॉलचा सामना चालू होता. बरोबर बाराला भोंगा वाजला आणि मैदानातले खेळाडू टोप्या काढून उभे राहिले. युद्ध संपल्याचा दिवस. दुकानदारही हातातले काम टाकून उभा राहिला, आम्हीही. मग तो मिनिट संपला, सामना सुरू झाला आणि आम्ही जुम्याला गेलो.

दुसऱ्या दिवशी क्योटो. शहराच्या ईशान्येला, इचिजोजी भागात डोंगराच्या पायथ्याशी एन्कोजी हे झेन मंदिर आहे. शरद ऋतूतल्या लाल पानांसाठी लोक तिथे येतात, ऑगस्टमध्ये कोणी नसते. सय्यद ओमरची कबर तिथे आहे. ओमर जोहोरचा. बॉम्ब पडला तेव्हा तो वाचला, इतकेच नव्हे तर इतरांना मदत करत होता. ऑगस्टच्या अखेरीस या मुलांना आगगाडीने टोकियोला नेत असताना वाटेत त्याची तब्येत बिघडली आणि त्याला क्योटोत उतरवून विद्यापीठाच्या इस्पितळात दाखल केले. ३ सप्टेंबर १९४५ रोजी तो गेला. वय एकोणीस. जपानी लोकांनीच त्याचे दफन केले, आणि १९६१ मध्ये त्याची कबर या मंदिरात आणली. मुसलमानी पद्धतीची कबर, तिच्यावर मुशानोकोजी सानेआत्सु या जपानी साहित्यिकाच्या ओळी, थेट ओमरला उद्देशून लिहिलेल्या.

जपानमध्ये ९९ टक्क्यांहून जास्त मृतांचे दहन होते. आजसुद्धा इथे मुसलमानांना दफनासाठी जागा मिळणे कठीण आहे. तिथे त्या साली, हरलेल्या, उपाशी देशात, कोणीतरी हे केले.

अम्मीचा कॉल आला तेव्हा आम्ही कबरीपाशीच होतो. तिला थोडक्यात सांगितले. सिकाडे एवढे किंचाळत होते की तिला ऐकू येईना, मोबाईल कानाशी धरून ओरडून सांगावे लागले. तिने कबर नीट दाखवायला लावली. डोक्याकडची बाजू, पायाकडची बाजू. मग विचारले, "याला माती कुणी दिली?"

"इथल्या लोकांनी."

"याची आई?"

"ती मलायात होती, अम्मी. लढाईचे दिवस."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अब्बांना माती देणाऱ्यांत तो आपला रिक्षावाला होता, ज्याच्याशी अब्बा भाड्यावरून भांडायचे. पहिली मूठ त्यानं घातली. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं." आणि मग, "त्या कबरीवर पानं पडली आहेत, ती काढा."

आम्ही पाने काढली.

तिघांतला अब्दुल रझाक मायदेशी पोहोचला. शिक्षक झाला. मलेशियाने १९८० च्या दशकात जपानकडून शिकायचे धोरण घेतले, तेव्हा जपानला जाणाऱ्या शेकडो मुलांना त्याने जपानी भाषा शिकवली. २०१३ साली तो गेला. अम्मीला हे नंतर सांगितले, तिने अल्हम्दुलिल्लाह म्हटले.

त्या रात्री क्योटोच्या पाच डोंगरांवर ओबोनच्या निरोपाच्या आगी पेटवतात. आठ वाजता पहिली पेटली. कामो नदीच्या पुलावर हजारो माणसे होती आणि आवाज असा नव्हताच. आम्ही लांबून पाहिले आणि इशा पढायला खोलीवर आलो. दुसऱ्या दिवशी क्योटो ते टोकियो, मैबारा, ओगाकी, तोयोहाशी, हामामात्सु, आतामी असे गाड्या बदलत नऊ तास. कंबर धरली. तरुणांचे तिकीट असे नाव का ते समजले.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात इद्दत पुरी झाली. अम्मीने त्या दिवशी गुस्ल केले, दोन रकात पढली आणि दुपारी चाचींना घेऊन हर्णैला गेली. कॉल तिथूनच आला. आता मोबाईल तिच्या हातात होता आणि बघणारे आम्ही, ऑफिसातून सुटून लोकलच्या फलाटावर. होड्या लागत होत्या, लिलावाची ओरड चालली होती. तिने एक सुरमई उचलून कॅमेऱ्यासमोर धरली आणि टोकियोत हिला किती पडतात असे विचारले. आकडा ऐकून तिने तो मासळीवालीला सांगितला, मासळीवालीने तिच्या पुढच्या बाईला.

तिचा पासपोर्ट तयार आहेच. साकुराच्या वेळी, मार्च-एप्रिलमध्ये, तिला इथे आणायचे आहे. वयस्कर आईला बोलावताना लागणारे कागद, विमा आणि मुंबईहून लांबच्या विमानप्रवासातली नमाज याविषयी काही वाचकांनी विचारले आहे. ते पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह.